सुईला हात लावू नका

रविवारी सकाळी सातला मैसूरच्या रिंग रोडपलीकडच्या एका मोकळ्या मैदानावर मी उभा होतो. चामुंडीचा डोंगर अर्धा ढगात होता. रात्री पाऊस पडून गेलेला, गवत ओलं. समोर बेळगावकडचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा गुडघ्यावर बसून मॉडेल विमानाचं इंजिन सुरू करत होता. बाल्सा लाकडाचं विमान, नाकावर साडेसहा सीसीचं ग्लो इंजिन आणि त्यावर दहा इंची प्रॉपेलर. मी मनातल्या मनात मोजत होतो. चाळीस वेळा प्रॉपेलर मारून झाला, इंजिन साधं खोकलंही नाही. मुलाने कपाळावरचा घाम पुसला आणि त्याचा हात कार्ब्युरेटरच्या सुईकडे गेला.

"सुईला हात लावू नकोस," मी म्हणालो.

"सर, काल याच सुईवर चालू होतं की ओ."

"म्हणूनच."

तो माझ्याकडे बघत राहिला. आजचा लेख त्या "म्हणूनच"बद्दल आहे. विषय छोट्या इंजिनांचा आहे, पण फौजी वाचकांनी मधेच सोडून जाऊ नये. पुढे एका चौकीची गोष्ट येणार आहे आणि त्यात चूक माझीच आहे.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ग्लो इंजिन म्हणजे मुठीत मावणारं टू-स्ट्रोक इंजिन. त्यात पेट्रोल नसतं. मिथेनॉल, तेल आणि थोडं नायट्रोमिथेन यांचं मिश्रण जळतं. इंधन किती जायचं ते एक टोकदार सुई ठरवते. तिला बाहेरून खाचांची मूठ असते, फिरवली की टिकटिक वाजते. आत फिरवली की इंधन कमी, बाहेर काढली की जास्त. इंजिनावर हाताने फिरवता येण्यासारखी आणि सहज दिसणारी हीच एक वस्तू, त्यामुळे इंजिन रुसलं की जगातला प्रत्येक माणूस आधी तीच फिरवतो. आपण काहीतरी करतोय असं वाटतं ना! होतं इतकंच, की एक बिघाड होता तिथे दोन होतात. पहिला सापडला तरी इंजिन सुरू होत नाही, कारण दुसरा आपण स्वतःच्या हाताने घातलेला असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. काल चाललेलं इंजिन आज चालत नसेल तर रात्रीतून काय बदललं ते शोधा. सुई रात्रीतून आपोआप फिरत नाही. बॅटरी उतरते, प्लग मरतो, इंधनात पाणी शिरतं, नळीला भोक पडतं, तेल चिकटून बसतं. संशयितांच्या रांगेत सुई सगळ्यात शेवटी.

या मुलांशी माझी गाठ पडली ती एका कपाटामुळे. मैसूरच्या पोस्टिंगवर आलो आणि मला हा जुना नाद आहे हे कुणाकडून तरी फुटलं. एका कॉलेजच्या क्लबमधली पोरं घरी आली. त्यांच्या कपाटात पाच इंजिनं पडून होती आणि प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. पाचही चिठ्ठ्यांवर एकच शब्द, "खराब". क्लबचं ठरत आलं होतं की ही भंगारात काढायची आणि यापुढे फक्त इलेक्ट्रिक मोटर. पोरांना वाईट वाटत होतं, पण त्यांच्याकडे युक्तिवाद नव्हता. मी म्हटलं, भंगारात काढायला माझी हरकत नाही. पण "खराब" हे निदान आहे का? डॉक्टरने केसपेपरवर "आजारी" एवढंच लिहिलं तर चालेल? ईएमईच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये बिघडलेल्या वस्तूबरोबर बिघाड काय तेही लिहून द्यावं लागतं. "खराब" लिहून वस्तू खिडकीवर ठेवली तर तिथला हवालदार ती जशीच्या तशी परत करील, आणि वर दोन शब्द ऐकवील.

त्यातलं पहिलं इंजिन रविवारच्या त्या मैदानावरचं. तिथेच परत जाऊ.

मी मुलाला प्लग काढायला लावला. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. सुरुवातीला बॅटरीने ते तापवायचं. एकदा इंजिन चालू झालं की बॅटरी काढून घेतात आणि तरीही तार लाल राहते, कारण मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमच्या स्पर्शाने तिथे उष्णता निर्माण करत राहते, शिवाय प्रत्येक स्फोटाची उष्णता असतेच. मला आजही हे गारुड वाटतं. स्पार्क नाही, कॉइल नाही, मॅग्नेटो नाही. अमेरिकेत रे आर्डन यांनी १९४७ च्या सुमारास हे प्लग बाजारात आणले आणि छोट्या विमानांवरचं इग्निशनचं ओझंच गेलं.

मुलाने प्लग क्लिपला लावला. तार लाल झाली. "सर, प्लग चांगला आहे," तो म्हणाला. बहुतेक लोक इथेच फसतात. सावलीत धरून बघितलं तर तार कशी होती? मंद, विटकरी लाल. हवी ती झगझगीत नारिंगी. बाहेर कोरड्या हवेत विटकरी दिसणारी तार सिलिंडरमध्ये थंड, ओल्या मिथेनॉलच्या फवाऱ्यात गेली की विझल्यात जमा होते. मिथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट उष्णता लागते. ती उष्णता ते कुठून घेतं? त्या बिचाऱ्या तारेकडूनच.

प्लग साधारण दीड व्होल्टवर तीन अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. दीड व्होल्ट ऐकून लोकांना वाटतं किरकोळ काम आहे. पण तीन अँपिअर किरकोळ नाहीत. क्लिपच्या गंजलेल्या टोकात आणि बारीक वायरीत मिळून ०.१ ओहमचा रोध असला तरी तीन अँपिअरला ०.३ व्होल्ट तिथेच गळतात, म्हणजे आपल्याकडे असलेल्यातला पाचवा हिस्सा. या मुलाची वायर हातभर लांब आणि मोबाइलच्या चार्जरसारखी बारीक होती. क्लिपचं तोंड हिरवं पडलेलं. सेल रात्री चार्ज करायचा राहून गेला होता. तिन्ही गोष्टी एकदम. क्लिप सँडपेपरने घासली, माझा चार्ज केलेला सेल आखूड जाड वायरीने जोडला, तार नारिंगी झाली. प्लग बसवला, कार्ब्युरेटरच्या तोंडावर बोट ठेवून प्रॉपेलर दोनदा फिरवला, आणि तिसऱ्या फटक्याला इंजिन पेटलं. सुई होती तिथेच.

मुलगा हसला नाही. तो त्या सेलकडे रागाने बघत होता. मला ते आवडलं.

यानंतर मी त्या पोरांना एक चाचणी शिकवली. माझ्या मते या छंदातली ही सगळ्यात उपयोगी चाचणी आहे. थ्रॉटल जवळजवळ बंद ठेवायचं. प्लग तापवायचा. हातात चामडी हातमोजा घालून प्रॉपेलर घट्ट धरायचा आणि सावकाश उलटा, कॉम्प्रेशनवर आणायचा. सगळं ठीक असेल तर हाताला एक टणक धक्का बसतो, आतून कुणी दार ठोठावल्यासारखा. धक्का आला म्हणजे आग आहे आणि इंधनही आहे. मग सेल, प्लग, टाकी यांच्यामागे लागू नका. फटका नीट मारा किंवा हवा कुठून शिरतेय ते बघा. धक्का आला नाही तर सुई तर सोडाच, प्रॉपेलर मारण्यातही अर्थ नाही. आधी आग शोधा, मग इंधन शोधा. अर्ध्या मिनिटात अर्धं जग संशयातून मोकळं होतं. चाळीस फटके मारून खांदा दुखवून घेण्यापेक्षा हे बरं.

आणि धक्का न येता प्रॉपेलर अडकल्यासारखा वाटला तर थांबा. तिथे जोर लावायचा नाही. हे मी माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवरच्या चार टाक्यांच्या आणि एका वाकलेल्या कनेक्टिंग रॉडच्या जोरावर सांगतो आहे.

साल १९९९. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मी एअरोमॉडेलिंग क्लबात होतो. एका दुपारी इंजिन सुरू होईना म्हणून मी सुई उघडत गेलो. अर्धा वळसा, आणखी अर्धा, आणखी एक. द्रव दाबला जात नाही हे अकरावीत शिकलेलं डोक्यात होतं, हातात नव्हतं. पिस्टनवर इंधनाचं तळं साचलं. प्रॉपेलर हाताने फिरेना, तेव्हा मी इलेक्ट्रिक स्टार्टर लावला. एक कट्‌ असा आवाज आला आणि रॉड वाकला. खरं तर करायचं होतं एवढंच, की प्लग काढायचा, इंजिन पालथं करायचं आणि चार वेळा फिरवून सगळं बाहेर ओतायचं. दोन मिनिटांचं काम.

टाके पडले ते पुढच्या आठवड्यात, दुसऱ्या इंजिनावर. ते चालू झालं आणि मी समोरूनच, प्रॉपेलरच्या वरून हात घालून सुई फिरवायला गेलो. दहा इंची प्रॉपेलर मिनिटाला बारा हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ५७० किलोमीटरच्या पुढे जातो. बोट शाबूत आहे हे नशीब. तेव्हापासूनचे माझे नियम साधे आहेत. सुरू करायला बोटाऐवजी रबरी नळी चढवलेली काठी. इंजिन चालू झालं की विमानाला वळसा घालून मागे जायचं आणि सुईला हात मागूनच लावायचा. प्रॉपेलरच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, फोटो काढणाराही नाही.

एक मात्र सांगायला हवं. प्रत्येक अडकणं म्हणजे इंधन साचणं नव्हे. काही इंजिनांत ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेला पितळी लायनर असतो. लायनर वरच्या टोकाला किंचित निमुळता ठेवलेला असतो, म्हणजे तापल्यावर फुगून तो बरोब्बर जुळतो. थंड असताना असं इंजिन टोकाला गच्च होतं आणि चुंई करून ओरडतं. नवशिक्याला वाटतं जाम झालं. केस सुकवायच्या ड्रायरने सिलिंडरचं डोकं चांगलं कोमट करा आणि मग फिरवा. ते तसंच असतं, तसंच असायला हवं.

कपाटातल्या दुसऱ्या इंजिनाने मला दोन आठवडे दमवलं. धक्का येत होता, प्लग नवा, इंधन नवं. पेटायचं, दोन सेकंद किंचाळायचं आणि मरायचं. हे हवा जास्त मिळाल्याचं लक्षण. सुई उघडली की थोडा वेळ जास्त चालायचं, म्हणून मलाही मोह झाला, खोटं कशाला बोला. शेवटी ते खिशात घालून मी यादवगिरीकडच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो.

मैसूर हे टू-स्ट्रोकचं गाव आहे हे बाहेरच्यांना माहीत नसतं. आयडियल जावाचा कारखाना इथे यादवगिरीलाच होता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९६ पर्यंत जावा आणि पुढे येझदी मोटरसायकली इथून देशभर गेल्या. माझ्या पिढीच्या कितीतरी फौजींच्या वडिलांकडे ती गाडी होती. किक आणि गिअर एकाच दांड्याचं, धुराचे दोन सायलेन्सर. कारखाना बंद पडला तरी तिचं इंजिन कानाने ओळखणारी माणसं या गावात अजून आहेत. चाचा त्यातले एक. त्यांनी साडेसहा सीसीचं इंजिन तळहातावर घेतलं, नातवाचं खेळणं बघावं तसं बघितलं आणि प्रॉपेलर सावकाश फिरवला.

"साब, पैले दम देखो. सुई बाद में."

मला हसू आलं. पोरांना मी जे सांगत होतो तेच मला ऐकवलं गेलं होतं.

टू-स्ट्रोक इंजिन दोन ठिकाणी श्वास घेतं. पिस्टनच्या वर आणि पिस्टनच्या खाली. खालच्या क्रँककेसमध्ये मिश्रण आधी ओढलं जातं, मग थोडं दाबून वर ढकललं जातं. तो खालचा डबा कुठे फुटका असेल तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, आणि वरचं कॉम्प्रेशन कितीही चांगलं असलं तरी इंजिन टिकत नाही. येझदीचे क्रँकचे ऑइल सील गेले की अगदी हेच होतं. चाचांनी मागच्या झाकणाच्या सांध्यावर तेलाचे थेंब सोडले आणि प्रॉपेलर हळूहळू फिरवला. एका कोपऱ्यातून बारीक बुडबुडे आले. झाकणाचे चार स्क्रू थोडे ढिले होते आणि आतलं कागदी गॅस्केट एका जागी चिरलं होतं. त्यांनी जाड कागद झाकणावर ठेवून कडेने छोट्या हातोडीने ठोकत ठोकत नवीन गॅस्केट कापलं. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. पैसे घेतले नाहीत. आवाज ऐकायला आणा, एवढंच म्हणाले.

हवा शिरायच्या जागा आणखीही आहेत. कार्ब्युरेटर बसतो तिथली रबरी कडी. टाकीच्या आत वजन लावून सोडलेली नळी, जी बाहेरून दिसतच नाही आणि म्हणून वर्षानुवर्षं कुणी बदलत नाही. तिला टाचणीएवढं भोक पडलं तरी इंधनाबरोबर बुडबुडे येतात. आणि टाकीची उंची: तिचा मध्य सुईच्या पातळीला किंवा त्याच्या जेमतेम सेंटिमीटरभर खाली हवा. टाकी फार वर असली तर उभ्या उभ्या इंधन आत झिरपतं आणि सकाळी तळं तयार. पोरं या इंजिनांची पेट्रोलच्या गाड्यांशी तुलना करतात. ती इथे कामाची नाही. एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते, मिथेनॉलला ६.४. म्हणजे तेवढ्याच हवेला दुपटीहून जास्त इंधन. नळीतला बारीकसा अडथळाही इथे जाणवतो.

तिसरं आणि चौथं इंजिन एकाच रोगाचे. प्रॉपेलर हलतच नव्हता. "सीज झालंय सर." सीज वगैरे काही नाही, एरंडेल!

एरंडेल म्हटलं की आपल्या पिढीला आजीचा चमचा आठवतो. या इंजिनांना मात्र ते अमृत आहे. मिथेनॉलमध्ये विरघळतं आणि प्रचंड उष्णतेतही पिस्टनवरची तेलाची फिल्म टिकवतं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती रोटरी इंजिनं याच तेलावर चालायची. आपले हरदित सिंग मलिक १९१७ मध्ये सॉपविथ कॅमल उडवत होते, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर उडणारं तेल हेच. स्पर्धेच्या काही प्रकारांत आजही ठरवून दिलेलं इंधन म्हणजे ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल. पण या तेलाचा एक दोष आहे. इंजिन वर्षभर पडून राहिलं की ते वाळून मधासारखं आणि पुढे लाखेसारखं होतं. मग बेअरिंग, पिस्टन सगळं चिकटून बसतं. तिथे पक्कड लावणाऱ्याचे हात बांधून ठेवावेत असं माझं मत आहे. ड्रायरने किंवा हीट गनने सगळीकडून सावकाश तापवा, आत ताजं तेल सोडा, धीर धरा. फारच घट्ट असेल तर रबरी कड्या आणि प्लॅस्टिकचे भाग काढून इंजिन रेडिएटरच्या कूलंटमध्ये काही तास गरम, पण न उकळता, ठेवा. लाख सुटते, धातू नव्यासारखा निघतो. एकच गोष्ट: कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विष आहे. हे काम घराबाहेर करा, आणि त्यासाठी वापरलेलं भांडं परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही. आमच्या घरी या मुद्द्यावर एकदा कोर्ट ऑफ इन्क्वायरी झालेली आहे, तपशिलात जात नाही.

दोन्ही इंजिनं संध्याकाळपर्यंत मोकळी झाली. त्यांना झालं होतं इतकंच, की शेवटच्या उड्डाणानंतर कुणी टाकी रिकामी केली नव्हती. नळी चिमटीत दाबून इंजिनातलं सगळं इंधन जाळून टाकायचं, मग प्लगच्या आणि कार्ब्युरेटरच्या भोकातून दोन-चार थेंब हलकं तेल सोडून प्रॉपेलर फिरवायचा. दिवसाच्या शेवटी तीन मिनिटं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. मैसूरच्या पावसाळ्यात झाकण सैल राहिलेला डबा महिनाभरात कामातून जातो, आणि तेच पाणी इंजिनात राहिलं तर बेअरिंगवर गंज चढवतं.

आता चौकीची गोष्ट.

मी तरुण कॅप्टन होतो. जागा सांगत नाही, उंची चार हजार मीटरच्या वर होती. चौकीवर रेडिओच्या बॅटऱ्या चार्ज करायला एक छोटा पेट्रोल जनरेटर होता. पहाटे एक गस्त बाहेर पडली आणि त्याच सकाळी जनरेटर सुरू होईना. जवानाने दोरी ओढून ओढून हात सोलवटून घेतले. मला तेव्हा इंजिनांतलं कळतं अशी चौकीवर ख्याती होती, आणि ती ख्याती माझीच पसरवलेली. मी म्हणालो, उंचीवर हवा विरळ, मिश्रण जाड झालं असणार, कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरव. सिद्धांत शंभर टक्के बरोबर होता. मैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटरवर, इथेच हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो. लेहला तो समुद्रसपाटीच्या पासष्ट टक्क्यांच्या आसपास उरतो. पण हाच जनरेटर याच उंचीवर, याच स्क्रूवर आदल्या संध्याकाळी चालला होता. उंची रात्रीतून वाढली नव्हती. माझ्या डोक्यात हे आलंच नाही. स्क्रू इकडे, स्क्रू तिकडे, एक तास गेला.

दुपारी एका हवालदार साहेबांनी न बोलता पेट्रोलची खालची वाटी उघडली. तिच्यात पाणी उतरून त्याचा बर्फ झाला होता. नखाएवढा तुकडा. तो काढला तरी जनरेटर सुरू होईना, कारण स्क्रू मुळात कुठे होता ते आता कुणालाच माहीत नव्हतं. अंधार पडल्यावर तो चालला. मधल्या वेळात गस्तीचा एक ठरलेला रेडिओ कॉल चुकला, आमच्या बाजूने. ती दीड तास शांतता कशी गेली हे मी इथे लिहिणार नाही. गस्त सुखरूप परत आली. हवालदार साहेब मला एक शब्द बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी त्या स्क्रूच्या खाचेसमोर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढलेली दिसली.

म्हणून इलेक्ट्रिक की ग्लो या वादात मी कुठे उभा आहे ते सांगणं सोपं आहे. इलेक्ट्रिक मोटर उत्तम आहे. आवाज नाही, चिकट तेल नाही. मिथेनॉल हे विष आहे, डोळे घालवतं, त्याची ज्वाला उन्हात दिसतसुद्धा नाही, आणि ते मिळवायचं तर परवान्याच्या भानगडी. शाळकरी पोरांच्या हातात मी ते देणार नाही. एखाद्या क्लबने या कारणांसाठी इंजिनं बंद केली तर मी टाळ्या वाजवीन. माझी तक्रार "खराब" या कारणाला आहे. ते खोटं आहे. आणि तेवढीच तक्रार जुन्या छांदिष्टांशीही आहे, जे मिशीवर हात फिरवत सांगतात की प्रत्येक इंजिनाचा स्वभाव असतो, मूड असतो. इंजिनाला मूड नसतो. सकाळी पंधरा-सोळा अंश असताना मिथेनॉलची वाफ कमी होते, म्हणून ते जानेवारीत रुसतं. दोन थेंब इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडा, रुसवा जातो. ही मूडची भाषा म्हणजे आपण शोधलं नाही याची सबब आहे, आणि तीच भाषा ऐकून पोरं "खराब" लिहायला शिकतात.

सुई फिरवायची वेळ येतेच. नवीन प्रॉपेलर, नवीन इंधन, नवीन गाव. तेव्हा आधी ती हलक्या हाताने बंद करत किती वळसे होते ते मोजा आणि लिहा. हरवलीच असेल तर बंद करून निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या वळशांइतकी उघडा. बऱ्याच इंजिनांना ते दोन-अडीच असतात. इंजिन चालू झाल्यावर मागून पाव-पाव खाच बंद करत आवाज चढेपर्यंत या आणि मग थोडी परत उघडा. नळी क्षणभर चिमटीत दाबली तर आवाज जरा चढून मग पडायला हवा. लगेच पडला तर मिश्रण आधीच पातळ आहे, पिस्टन जळण्याआधी उघडा.

क्लबच्या बैठकीला पोरांनी मला बोलावलं नाही, ते बरंच केलं. ती स्वतः गेली, चार चालणारी इंजिनं आणि पाच नवीन चिठ्ठ्या घेऊन. चिठ्ठ्यांवर लिहिलं होतं: सेल कमजोर, वायर बारीक, गॅस्केट चिरलेलं, एरंडेल वाळलेलं, तेच. बेळगावच्या मुलाने चारही सुयांवर बहिणीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला आहे, त्याला पांढऱ्या रेघेची गोष्ट मी तोवर सांगितलेली नव्हती. क्लबने इलेक्ट्रिकच घ्यायचं ठरवलं, पण ही चार ठेवली. एक मी चाचांना ऐकवून आणलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, थोडं जाड चालतंय, पण राहू द्या.

पाचव्याच्या चिठ्ठीवर "पुढचं बेअरिंग गंजून गेलेलं, क्रँक हलतो" असं आहे. ते खरोखर गेलंय. सध्या माझ्या टेबलाच्या खणात आहे. वाचकांपैकी कुणाच्या ट्रंकेत जुनं साडेसहा सीसीचं इंजिन पडून असेल आणि त्याचं पुढचं बेअरिंग शाबूत असेल, तर कळवा. आत टाकी ओतून ठेवली होती की नाही तेही लिहा.